“त्या रात्रीचं कुणी लिहून ठेवलंय का?” – कामाच्या ठिकाणचं कौतुक

भोसरी_गाळा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न मनात घोळतोय. थोडं लांब लिहितेय, कारण प्रसंग सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात मी ११ वर्षं नोकरी करते. हजेरी, पगार, पीएफ, कुणाच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी उचल, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. आम्ही ७२ माणसं. गाड्यांचे सुटे भाग टर्निंग करून चाकणला पाठवतो. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या मागे लागून मी ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ सुरू करवला. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला फोटोची फ्रेम, शिवाय प्रमाणपत्र आणि किराणाचं कूपन. पहिले चार-सहा महिने सगळे थांबून बघायचे. मग हळूहळू पाळीच लागली. या महिन्यात टर्निंग, पुढच्या महिन्यात पॅकिंग, मग स्टोअर. कुणाचं मन दुखायला नको म्हणून मीच ते तसं होऊ दिलं.

आता प्रसंग. गेल्या महिन्यात तिसऱ्या पाळीत, पहाटे सव्वातीनच्या सुमारास, १९ वर्षं आमच्याकडे असलेल्या एका ऑपरेटर काकांना चार नंबरच्या मशीनचा आवाज वेगळा वाटला. स्क्रीनवर अलार्म नव्हता. त्यांनी मशीन थांबवलं, दार सरकवून बघितलं, तर बोअरिंगच्या इन्सर्टचा, म्हणजे भोक आतून कातणाऱ्या पात्याचा, बारीक टवका उडालेला. जॉबच्या, म्हणजे मशीनवरच्या सुट्या भागाच्या, बोअरमध्ये (भोकात) आतून ओरखडे. इन्सर्ट बदलून मशीन पुन्हा चालू केलं असतं तर पाळीचा आकडा भरला असता. त्यांनी आधी क्रेट रिकामी करायला घेतली. शेवटचा जॉब, त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा, असं मागे मागे जात प्रत्येक बोअरमध्ये बॅटरीचा उजेड मारला, भोकाचं माप तपासायचं प्लग गेज घालून पाहिलं. ओरखडा जिथून सुरू झाला तो जॉब सापडेपर्यंत थांबले नाहीत. २३ जॉब निघाले. त्यांवर लाल खूण करून ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले. सकाळी आठला त्याच क्रेट गाडीत चढणार होत्या.

त्या पाळीत उत्पादन कमी आलं, आणि फळ्यावर काकांच्या नावापुढे कमी आकडा लागला. महिनाअखेरीला फ्रेम डिस्पॅचला गेली, कारण पाळी डिस्पॅचची होती.

परवा काका पगाराची स्लिप न्यायला आले. घडी घालून खिशात ठेवली, निघाले, आणि दाराशी थांबून म्हणाले, “ताई, त्या रात्रीचं कुणी लिहून ठेवलंय का?”

मला हो म्हणता आलं नाही. पुढे ते काही बोलले नाहीत, पाळीची वेळ झाली होती.

तेव्हापासून मला चैन नाही. तुमच्याकडे कामाचं कौतुक कसं होतं? कुठलं तुमच्या मनात राहिलं आणि कुठलं त्याच दिवशी विसरलात? वेगळा एचआर विभाग नसलेल्या आमच्यासारख्या ठिकाणी काय करता येईल?

---

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०:१५

काकांचं वाक्य वाचून मोबाईल खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसती बसले. सविस्तर नंतर लिहीन. सध्या एकच सुचवते ताई, आधी फळ्यावरचा तो आकडा दुरुस्त करा. महिना उलटला असला तरी करा. कौतुकाचं पुढचं पुढे.

---

फेज_थ्री | मंगळवार, सकाळी ८:०५

हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, १४ जणांची टीम सांभाळतो. आमच्याकडे कौतुकासाठी पोर्टल आहे. कुणीही कुणालाही बॅज देऊ शकतो, बॅजचे पॉइंट, पॉइंटचं व्हाउचर. तिमाही संपताना पॉइंट वाया जातात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत सगळे एकमेकांना ‘ग्रेट टीमवर्क’ पाठवतात. मलाही येतात. कशासाठी आले ते आठवत नाही.

लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या टीममधल्या एका टेस्टर मुलीने रिलीजच्या आदल्या संध्याकाळी ‘हे पाठवू नका’ म्हणून हात वर केला. क्लायंट घाईत, मीही घाईत. ती शांतपणे तोच बग पुन्हा पुन्हा करून दाखवत राहिली. रिलीज दोन दिवस पुढे गेलं. नंतर क्लायंटच्या कॉलवर काय सापडलं ते मी सांगणार होतो. आयत्या वेळी वाटलं, हिचं काम मी का सांगू? तिलाच बोलायला सांगितलं. सात-आठ मिनिटं बोलली. पुढच्या अप्रेझलला तिने स्वतःहून लिहिलं की वर्षातला सगळ्यात चांगला दिवस तो होता.

तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्यात. एक, दुसऱ्याचं काम मी माझ्या तोंडून वर सांगत नाही, ज्याचं त्याला सांगू देतो. दोन, शुक्रवारी घरी निघण्याआधी वहीत दहा मिनिटं लिहितो, या आठवड्यात कुणी काय केलं. अप्रेझलच्या वेळी आपल्याला शेवटचे दोन महिनेच आठवतात. जूनमध्ये रात्र रात्र जागलेल्या माणसावर मार्चमध्ये अन्याय होतो तो असाच. तुमच्या काकांनी तेच तर विचारलं: लिहून ठेवलंय का?

---

पिंपरीचा_फोरमन | मंगळवार, दुपारी ३:३०

ताई, ३४ वर्षं एका मोठ्या कारखान्यात काढली, शेवटची १२ फोरमन म्हणून. आता निवृत्त आहे. तुमचे काका माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आवाजावरून मशीन ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. कूलंटचा वास बदलला तरी त्यांना कळतं. ही विद्या कुठल्या रिपोर्टात येत नाही, म्हणून तिचं कौतुकही होत नाही. ते करायचं तर साहेबाला पहाटे सव्वातीनला शॉपवर यावं लागतं.

माझ्या उमेदवारीतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे सूचना योजना होती, हल्ली सगळीकडे कायझेन म्हणतात ती. टोयोटाने १९५१ साली अशी योजना सुरू केली आणि नंतर आपल्याकडे वाहन उद्योगात ती चांगली रुजली. कामगाराने फॉर्मवर लिहायचं: आत्ता काय होतं, काय बदलावं, त्याने काय वाचेल. मी पहिली सूचना दिली ती ट्रॉलीच्या उंचीची. जॉब उचलायला दर वेळी वाकावं लागायचं, ट्रॉली वीतभर उंच केली तर कंबर वाचेल, एवढंच. बक्षीस किती मिळालं ते आज आठवत नाही. पण आठ दिवसांत आमचे साहेब फॉर्म हातात घेऊन स्वतः माझ्या मशीनपाशी आले. म्हणाले, “वीतभर म्हणजे किती, दाखव.” मी हाताने दाखवलं. त्यांनी खिशातून टेप काढून मोजलं. पुढच्या सोमवारी ट्रॉली त्या उंचीची होऊन आली. बाजूला पत्र्याची छोटी पट्टी, तिच्यावर माझं नाव पंच केलेलं. मी निवृत्त झालो तेव्हा ती ट्रॉली भंगारात गेली होती, पण पट्टी एकाने काढून मला आणून दिली. देवघराशेजारच्या कपाटात आहे.

दुसऱ्या एका सूचनेला साहेबांनी नाही म्हटलं. तेव्हाही येऊन कारण सांगितलं, ड्रॉइंग उघडून दाखवलं. तो नकारही मला मान वाटला. नंतर योजनेचं टार्गेट झालं, माणशी महिन्याला दोन सूचना. मग पोरं ‘इथे बोर्ड लावा’, ‘तिथे बोर्ड लावा’ असं लिहून आकडा भरू लागली. फॉर्म ढिगाने येत, मशीनपाशी कुणी येईना. तुमच्या फ्रेमचं जे झालं तेच.

खंडेनवमीचंही सांगायला हवं. पुण्यातला कुठलाही कारखाना त्या दिवशी बघा. माणूस आदल्या पाळीत स्वतःचं मशीन रॉकेलने पुसून लख्ख करतो, झेंडूचा हार घालतो, गेज आणि पाने मांडून हळदकुंकू वाहतो. आमचे एक मॅनेजर त्या दिवशी प्रत्येक मशीनपाशी जाऊन त्या ऑपरेटरच्या हातून प्रसाद घेत. ऑफिसात ताट मागवत नसत. २०० वर मशीन होती, तीन तास लागायचे. शॉपवर त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही.

आता तुमच्या कामाचं. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ ‘गुणवंत कामगार’ पुरस्कार देतं. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची कपात तुम्ही करत असालच, ती याच मंडळाकडे जाते. कामगारांच्या उपयोगी सूचनांसाठी केंद्र सरकारनेही विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार दिले आहेत. काकांसारखी माणसं स्वतः अर्ज करत नाहीत. त्यांना ती भाषा अवघडते, आणि स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं. तुम्ही त्यांच्याजवळ बसून माहिती लिहून काढा. पुरस्कार मिळो न मिळो, आपल्या १९ वर्षांबद्दल कुणीतरी दोन तास बसून विचारलं, हे त्यांच्याजवळ राहील.

---

रोखठोक_हडपसर | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

सगळं मान्य आहे, पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. कौतुक पगाराच्या जागी येऊ नये. सात तारखेचा पगार वीस तारखेला आणि गेटवर हसऱ्या फोटोची फ्रेम, अशा ठिकाणी मी काम केलंय. त्या फ्रेमकडे बघवत नाही. कायद्याने ठरलेला किमान ८.३३ टक्के बोनस म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग. तो हक्क आहे, त्याला दिवाळीची भेट म्हणू नका. ओव्हरटाइमचे पैसे चोख द्या, बूट आणि हातमोजे वेळेवर द्या, आणि मग टाळ्या वाजवा.

दुसरं कंत्राटी पोरांचं. तेच मशीन, तीच पाळी, पण दिवाळीत मिठाईचा डबा फक्त पर्मनंटला. मी सहा वर्षं कंत्राटात होतो. डबा वाटताना ज्यांची नावं यादीत नसत त्यांना थोडं बाजूला उभं करत. माझ्या मुलाने घरी विचारलं होतं, बाबा, तुमच्या कंपनीत मिठाई नाही का देत?

ताई, एक विचारतो. पहाटे सव्वातीनला २३ जॉब उलटे तपासताना एका हातात जॉब, दुसऱ्यात गेज. मग बॅटरी कुणी धरली होती?

---

भोसरी_गाळा | मंगळवार, रात्री ११:०५

रोखठोक दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि मला उत्तर माहीत नव्हतं. हजेरी काढून पाहिली. त्या पाळीत काकांबरोबर एक हेल्पर होता, कंत्राटदाराकडचा, २२ वर्षांचा. त्याचं नाव मी रोज मस्टरवर वाचते, पण हा मुलगा तिथे होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पगार आमच्याकडे सात तारखेच्या आत होतो, बोनसही वेळेवर होतो. डब्याची यादी मात्र मीच करते, आणि तुम्ही म्हणता तशीच करत आले आहे. या दिवाळीला ७२ डबे नाहीत, ९० येतील. मालकांशी आजच बोलले.

फोरमन काका, पट्टीची गोष्ट मालकांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते.

---

वॉर्डातली_ताई | बुधवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी संपवून बसची वाट बघतेय, तेवढ्यात लिहिते.

राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. २२ मार्चला संध्याकाळी पाचला सगळ्या शहराने थाळ्या वाजवल्या, तेव्हा मी वॉर्डात होते. खिडकीतून आवाज आला आणि आम्ही सगळ्या हात थांबवून ऐकत राहिलो. लोकांनी मनापासून वाजवलं होतं आणि ते मनापासूनच पोचलं. ते मी कधी विसरणार नाही.

त्याहून घट्ट लक्षात राहिलेली गोष्ट त्याच वर्षीच्या जुलैमधली आहे. सलग नवव्या दिवशी किट उतरवलं तेव्हा चेहऱ्यावर मास्कचे वळ होते, नाकाची कातडी सोललेली. आमच्या मेट्रनबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, नीट पाहिलं, आणि ड्युटीचा तक्ता काढून माझं पुढचं दोन दिवसांचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. तिथे स्वतःचं नाव लिहिलं. त्या तेव्हा ५६ वर्षांच्या होत्या.

१२ मेला परिचारिका दिन होतो, गुलाबाचं फूल मिळतं, ग्रुप फोटो निघतो. वॉर्डातल्या मावशी आणि मामा त्या फोटोत नसतात. बेडपॅन त्यांनी उचललेलं असतं, मृतदेह त्यांनी बांधलेले असतात. गेल्या वर्षी आम्ही मावशींना मध्ये बसवून फोटो काढला. एका मावशींनी फोटोआधी वेणी सोडून पुन्हा घातली. बस आली, थांबते.

---

तास_दुसरा | बुधवार, दुपारी १:१५

व्यवस्थापन शिकवतो, म्हणून वर्गात सांगतो ते थोडक्यात. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर पिट्सबर्गच्या परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, कामावर कधी फार चांगलं वाटलं आणि कधी फार वाईट. १९५९ साली त्यांनी जे मांडलं त्यात रोखठोक यांचं आणि ताईंचं, दोघांचंही म्हणणं बसतं. पगार, नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा यांत खोट असली की माणूस नाराज होतो. ती खोट भरून काढली की नाराजी जाते, पण तेवढ्याने काम आवडायला लागत नाही. ते आवडतं हातून काही घडल्यामुळे, ते कुणी ओळखल्यामुळे आणि मुळात त्या कामामुळे. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. त्या अभ्यासावर पुढे बरीच टीकाही झाली, पण हा भेद मला आजही उपयोगी वाटतो.

एक सावधगिरी सुचवतो. प्रत्येकाला स्टेज नको असतं. माईकवरून नाव घेतलं की काहींना घाम फुटतो. काकांना आधी विचारा.

---

कोथरूड_सोसायटी | बुधवार, रात्री ९:००

विषयाला थोडा फाटा फुटतोय, पण लिहिते. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यांच्या लढ्यातली एक मोठी गोष्ट होती महापालिकेची मोहोर असलेलं ओळखपत्र. त्याआधी रस्त्यावर कुणीही हटकायचं, चोर समजायचं. कार्ड आल्यावर ‘आम्ही कामावर आहोत’ असं सांगता येऊ लागलं. आमच्या ताईंनी पदराच्या गाठीतून त्यांच्या सासूबाईंचं जुनं कार्ड काढून दाखवलं होतं. कडा झिजलेल्या, फोटो पिवळा पडलेला, वर प्लास्टिक दोनदा चिकटवलेलं. सासूबाई आता नाहीत. कामाची लेखी ओळख माणसाला काय वाटते ते मला त्या कार्डाने कळलं.

---

मुठाकाठ | गुरुवार, सकाळी ७:३०

कोथरूड ताई, फाटा मुळीच नाही. काकांचा प्रश्न तोच आहे.

---

भोसरी_गाळा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:१०

सगळ्यांचे आभार मानून काय झालं ते सांगते.

फळ्यावरचा आकडा आता पुसून उपयोग नव्हता, म्हणून उत्पादनाच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेपुढे शेरा लिहिला: मशीन क्रमांक ४, दोष वेळीच पकडला, तपासणीसाठी मशीन थांबवलं. खाली मालकांची सही. तपासणीचा वेळ यापुढे ऑपरेटरच्या ठरलेल्या लक्ष्यातून वजा धरायचा, हेही ठरलं. ते खरं तर आधीच व्हायला हवं होतं.

फ्रेम बंद केली. तिच्या जागी टेबल ठेवून त्यावर जाड पुठ्ठ्याची वही ठेवली, अप्पा बळवंत चौकातून आणलेली. कुणीही लिहावं. मालक आठवड्यातून एकदा पाळी बदलताना येतात आणि ज्याची नोंद असेल त्याच्या मशीनपाशी जाऊन, काय झालं ते त्याच्याचकडून ऐकतात. पहिल्या आठवड्यात पाच नोंदी आल्या, दुसऱ्यात तीन. त्यातली एक कँटीनच्या मावशींबद्दल होती. रात्रपाळीच्या एका मुलाला ताप होता, त्याला त्यांनी वेगळी पेज करून दिली होती. लिहिणारा कोण ते अक्षरावरून कळलं, एरवी तो कुणाशी फारसा बोलत नाही.

पहिली नोंद काकांची. तास_दुसरा सरांनी म्हटल्याप्रमाणे त्यांना आधी विचारलं. सगळ्यांसमोर नको म्हणाले, मशीनपाशी चालेल. मी मजकूर लिहून नेला होता, पहाटे सव्वातीनपासून २३ जॉबपर्यंत सगळा. मालकांनी मशीनच्या आवाजात मोठ्याने वाचला. काका मान खाली घालून हात पुसत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी वही हातात घेतली, बोटाने ओळी धरत पुन्हा स्वतः वाचली. मी हेल्परचं नाव शेवटच्या ओळीत घातलं होतं, ‘सोबत’ असं लिहून. काका म्हणाले, “ताई, सोबत नाही. आधीचे जॉब बघूया का, हे त्यानेच विचारलं. मी इन्सर्ट बदलायला निघालो होतो.”

मी ती ओळ खोडली आणि ते म्हणाले तसं लिहिलं. मुलगा पलीकडे क्रेट लावत होता, त्याला हाक मारून बोलावलं. काकांनी मालकांच्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, “याच्या नावापुढे पण सही करा.”

आता दोघांचेही अर्ज लिहायला बसणार आहे. फोरमन काका, तुमची मदत लागेल.

---

पिंपरीचा_फोरमन | रविवार, दुपारी १२:४०

कधीही या. काकांना आणि पोरालाही घेऊन या. मी पट्टी काढून ठेवतो.

---

नवा_सभासद_वाघोली | रविवार, रात्री ८:१५

ताई, आमचं पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे, २६ जण. वहीत रकाने कसे आखलेत ते सांगाल का?

---

भोसरी_गाळा | रविवार, रात्री ८:५०

तारीख, पाळी, मशीन किंवा जागा, काय झालं, कुणी केलं, कुणी पाहिलं. ‘काय झालं’ला अर्धं पान सोडा, लोक भरभरून लिहितात. ‘कुणी केलं’मध्ये एकाहून जास्त नावं मावतील एवढी जागा ठेवा.